कूलरपुढची बरणी

केफिर म्हणजे दाणे टाकून आंबवलेलं, ताकासारखं प्यायचं दूध. त्याच्या कोणत्याही कृतीत एक वाक्य असतंच: 'बरणी खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवा.' लिहिणाऱ्याची खोली २०-२२ अंशांची असते. आमची परभणीची. मे महिन्यात इथं पारा ४२ ओलांडतो, आणि पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात दुपारी तेलाची बाटलीसुद्धा हाताला गरम लागते. तिथं २४ तास ठेवलेलं दूध केफिर होत नाही, सूड उगवतं.

केफिरचे दाणे मूळचे कॉकेशसच्या डोंगराळ मुलखातले. दिसायला फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे. त्यांत दूध आंबवणारे जिवाणू आणि यीस्ट एकत्र नांदतात. गारव्यात सगळे शहाण्यासारखे वागतात. उन्हाळा लागला की चेकाळतात. जिवाणू दूध आंबट करून सोडतात, यीस्ट झाकणाखाली वायू कोंडतं, आणि सकाळी बरणीत वर चोथा, खाली हिरवट पाणी, घरभर हातभट्टीचा वास.

"काय गाळायलीस गं माय?" आत्याबाईंनी नाकाला पदर लावून विचारलं.

"नासलं नाही आत्याबाई, जास्त आंबलंय."

"मग नासल्यावर काय शिंगं फुटतेत का?"

निदान करायला मग सगळी गल्ली आली. शेजारच्या काकूंना दृष्टीचा संशय. दूधवाल्यानं आधी स्वतःची सुटका करून घेतली, "दूध म्हशीचं हाय ताई, वास तुमच्या दाण्यांचा." हे मात्र खरं होतं. दाणे वाढत जातात, आणि दूध तेवढंच राहिलं तर ते त्याचा घाईनं फडशा पाडतात. उन्हाळ्यात अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा दाणे पुरे. उरलेले वाटावेत म्हटलं, तर एरवी वाटीभर विरजणासाठी दारात उभ्या राहणाऱ्या बायका दाण्यांचं नाव काढताच गॅसवर काहीतरी ठेवून आल्याचं आठवून पळतात.

तरी खरा खटला तापमानाचाच. बरणीला ओलं फडकं गुंडाळायचं, पाणी घातलेल्या परातीत बसवायची आणि परात कूलरपुढं ठेवायची. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि बरणी बऱ्यापैकी गार राहते. माठाचंच शास्त्र, नवीन काही नाही. अडचण एवढीच की कूलरपुढची ती जागा मामंजींची होती. दुपारच्या झोपेची, पिढीजात. वाटाघाटी लांबल्या. अखेर खाट हातभर सरकली, आणि आता लाईट गेली की मामंजी घामानं निथळत स्वतःच ओरडतात, "अगं, तुझं ते केफिर बघ!"

एवढं करूनही घड्याळावर विश्वास ठेवता येत नाही. उन्हाळ्यात दहा-बारा तासांतच काम उरकतं. काचेला लागून तळाशी पाण्याचे बारीक कप्पे दिसू लागले की लगेच गाळायचं, नाहीतर पुन्हा हातभट्टी. म्हणून मी पहाटे पाचला बरणी ट्यूबलाईटपुढं धरून उभी असते. नवरा एकदा पाणी प्यायला उठला आणि मला तशी बघून न पिताच परत गेला. गाळलेलं केफिर लिंबाच्या सालीचा तुकडा टाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं, की आंबटपणाची धार बोथट होते. इतकी, की आत्याबाईंनी ते एकदा ताक समजून जिरं-मीठ घालून प्यायलं आणि आणखी मागितलं. मी काही बोलले नाही.

बिघडलेला माल धपाट्यांच्या पिठात जातो. ज्वारीचं पीठ, बेसन, लसूण, तिखट, तीळ आणि ते आंबटढाण केफिर. धपाटे असे खमंग होतात की घरात बिघाडाचीच वाट बघतात. परवा तर मामंजींनी ऑर्डरच सोडली, "उद्या धपाटे करा. आज चांगलं आंबू दे." मी जिद्दीनं फडकं काढलं, परात काढली, दाणे दुप्पट टाकले. संध्याकाळी अवकाळी पाऊस कोसळला, रात्रभर गार वारा सुटला, आणि सकाळी बरणीत दाटसर, मऊ, अगदी पुस्तकात असतं तसं केफिर.

मामंजींनी चमचाभर चाखलं. "एवढी माझी जागा दिली," ते म्हणाले, "अन् कामाच्या टायमाला गोड बोलायलंय."