कोणत्या बोटाचं पेर?

मागे एका एकादशीला रात्री साडेनऊ वाजता, इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका खिचडीच्या ठेल्यासमोर, एका अनोळखी गृहस्थाने माझं बोट धरून त्याचं माप घेतलं. मी हे विसरावं असं घरच्यांचं म्हणणं आहे. मी विसरणार नाही.

सकाळचं लवकर आटोपतो. घरी मी केलेल्या साबुदाण्याच्या खिचडीचा एकच दाणा झाला होता, सुमारे पाऊण किलोचा. कढई उलटी केली तरी तो पडला नाही. दिवसभर शेंगदाणे आणि केळी यांवर काढला आणि रात्री इंदूरचा माणूस जे करतो तेच केलं: बाहेर पडलो.

ठेल्यावर मी सांगितलं, "हल्दी मत डालना, मिक्चर मत डालना, नींबू ज़्यादा, और थोड़ा घी में परत देना." ठेलेवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिंप्याच्या दुकानात दाढी करायला बसलो होतो. "भिया," तो शांतपणे म्हणाला, "तवा दिख रिया है कहीं?"

तवा नव्हताच. ज्यांनी इंदूरची खिचडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली मोठ्या भगोन्यात पाणी उकळत असतं. त्याच्या तोंडावर दुसरं पसरट भांडं बसवलेलं, आणि त्यात भिजवलेल्या, मीठ-साखर-हळद लावलेल्या साबुदाण्याचा पिवळा डोंगर. परतणं नाही, तूप नाही. वाफेवर दाणा शिजतो आणि वाफेवरच रात्रभर थांबतो. गिऱ्हाईक आलं की डोंगराचा एक कडा खरवडून छोट्या भांड्यात घ्यायचा, त्यावर हिरवी मिरची, कोथिंबीर, शेंगदाणे, सैंधवाचा मसाला, अर्धं लिंबू आणि मूठभर फराळी मिक्चर, म्हणजे तळलेला बटाट्याचा लच्छा वगैरे. दोन झटके देऊन दोन्यात, म्हणजे कागदी द्रोणात. वीस सेकंदांत मोकळी, मऊ, गरम खिचडी. सकाळी सहा तास भिजवून आणि वीस मिनिटं घाम गाळून मला जे जमलं नव्हतं ते.

नेमका तेव्हाच आईचा फोन आला आणि मी जरा मोठ्याने म्हणालो, "अगं हो, तू सांगितलंस तसंच, बोटाच्या पेराइतकं पाणी ठेवलं होतं."

शेजारी एक काका उभे राहून खिचडी खात होते. पांढरा सदरा, पायजमा आणि डोक्यावर हेल्मेट. खाताना हेल्मेट. काच वर केलेली. चमचा आत जाई, रिकामा बाहेर येई. त्या हेल्मेटमधून आवाज आला, "कोणत्या बोटाच्या?"

"काय?"

"पेर म्हणालात ना. कोणत्या बोटाच्या?"

मी आयुष्यात कधी हा विचार केला नव्हता. "तर्जनीच्या," मी अंदाजाने ठोकून दिलं.

"कितव्या पेराच्या? वरून पहिलं की खालून पहिलं?"

"वरून."

"दाखवा."

आणि मी दाखवलं. माणूस अधिकारवाणीने 'दाखवा' म्हणाला की आपण आधी दाखवतो आणि अपमान नंतर कळतो. काकांनी दोना ठेल्याच्या कडेवर ठेवला, माझं बोट चिमटीत धरून दिव्याकडे फिरवलं, शेजारी स्वतःचं बोट लावून पाहिलं. "हे बघा," ते ठेलेवाल्याला म्हणाले, जणू मी तिथे नव्हतोच, "साहेबांचं पेर केवढं आहे! ह्यांच्या आईचं असेल ह्याच्या निम्मं. आई सांगणार स्वतःच्या बोटाने, हे ओतणार ह्यांच्या बोटाने. मग खिचडी होईल का खळ?"

ठेलेवाल्याला मराठी किती कळत होतं देव जाणे, पण 'खळ' कळलं. तो हसला. मागे रांगेत उभी असलेली कॉलेजची दोन पोरंही हसली. एकाने स्वतःचं बोट निरखून पाहिलं.

"आणि भांडं केवढं?" काका सुटले होते. "पातेलं की परात?"

"परात. म्हटलं दाणे मोकळे पसरतील."

हेल्मेट हळूहळू डावीकडून उजवीकडे हललं. डॉक्टर नातेवाइकांना बाहेर येऊन सांगतात तेव्हा हलवतात तसं.

"भिया," मराठी सोडून ते एकदम इंदुरी झाले, "परात में पोर-भर पानी! तलाव बना दिया आपने तो."

इथे मला चरफडत कबूल करावं लागतं की काकांचं गणित चोख आहे. घरी येऊन मी ते मांडून पाहिलं. माझ्या तर्जनीचं वरचं पेर अडीच सेंटिमीटर. पंधरा सेंटिमीटर तोंडाच्या पातेल्यात दाण्यांच्या वर तेवढं पाणी ठेवलं तर ते होतं साधारण 440 मिलिलिटर. पंचवीस सेंटिमीटरच्या परातीत तेच पेर 1,200 मिलिलिटरच्या वर जातं. साबुदाणा तितकाच, दोन वाट्या. त्याला लागतं एकूण दीड ते दोन वाट्या पाणी, आणि तेही दाण्यांच्या फटींतलं धरून. म्हणजे पातेल्यातसुद्धा वर राहायला हवं जेमतेम सेंटिमीटरभर. पेर हे मापच चुकीचं. आणि मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या हेच माप तोंडी चालत आलंय, कुणी भांड्याचा घेर विचारत नाही, बोटाचा मालक विचारत नाही. ज्यांचं जमतं त्यांचं भांडं ठरलेलं असतं, बोट ठरलेलं असतं आणि वाणीही ठरलेला असतो. भांडं फुटलं की त्या घरात वर्षभर खिचडी बिघडते आणि दोष सुनेला जातो.

"पेर नाही," काका म्हणाले, "नख. पातेल्यात नख बुडेल इतकं. करंगळीचं."

"तेही बोटच झालं ना?" मी म्हणालो. मला वाटलं, बिनतोड आहे.

"पण लहान आहे," काका म्हणाले.

दोन्यातली माझी खिचडी तोवर आली होती. हळद होती. मिक्चर दुप्पट होतं.

हळदीचं माझ्या डोक्यात जायचं कारण असं की आमच्या घरी उपासाला हळद चालत नाही. बऱ्याच मराठी घरांत चालत नाही. हळद म्हणजे रोजचा स्वयंपाक, उपास म्हणजे पांढरी खिचडी. हे मी काकांना ठणकावून सांगितलं. ते काही बोलले नाहीत, खात राहिले. उत्तर मला स्कूटरवर सुचलं आणि दुर्दैवाने ते त्यांच्या बाजूचं होतं. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा तिकडचा. मिरचीही अमेरिकेतली. हे सगळं पोर्तुगीज आल्यानंतर इकडे पोचलं. ज्ञानेश्वरांच्या काळात एकादशीला यातला एक जिन्नस मिळाला नसता. आणि हळद, जी इथल्याच मातीतली, तिला मात्र उपासाच्या दिवशी दारात उभं करत नाहीत. जवाहर मार्गाच्या सिग्नलला थांबून मी हा विचार केला आणि मागचा हॉर्न वाजवेपर्यंत तिथेच राहिलो.

तर आता ज्यांना बोट न बुडवता खिचडी करायची आहे त्यांच्यासाठी, त्या हेल्मेटवर सूड म्हणून, नीट लिहितो.

आधी साबुदाणा बघून घ्या. काचेसारखा चकचकीत नायलॉन साबुदाणा तळून चिवडा करायचा. तो भिजवलात तर बाहेरून चिकट आणि आत टणक राहतो. खिचडीला पांढरा, पिठूळ दिसणारा. तो धुवायचा, आणि इथेच निम्मे लोक आळस करतात. साबुदाणा म्हणजे काही धान्य नाही. कंद किसून, त्याचं दूध काढून, खाली बसलेला स्टार्च हलवत हलवत त्याच्या गोळ्या केलेल्या असतात, मग किंचित भाजून वाळवतात. तमिळनाडूत सेलमच्या आसपास हा धंदा मोठा आहे. गोळ्या पोत्यात एकमेकींवर घासून पीठ सुटतं, आणि ते पीठ म्हणजेच खळ. तीनदा तरी पाणी बदला, हलक्या हाताने; चोळलंत तर नवं पीठ तयार होतं.

मग चाळणीत पाच मिनिटं निथळू द्या. धुतलेल्या दाण्यांना दोन-तीन चमचे पाणी चिकटलेलंच असतं, ते हिशेबात धरा. वाटीला पाऊण वाटी पाणी मोजून, बारीक दाण्याला थोडं कमी. झाकून चार ते सहा तास. एकदा मध्येच खालचे दाणे वर करा, नाहीतर तळचे फुगतात आणि वरचे तसेच राहतात. परीक्षा: दाणा चिमटीत दाबला की पूर्ण चेपला पाहिजे, मधे कण लागता कामा नये. कण लागला तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास आणखी. पाणी उरलं असेल तर मात्र वेळ देऊन काही होत नाही; जुन्या स्वच्छ पंचावर पसरा आणि पंख्याखाली ठेवा.

शेंगदाण्याचा कूट वाटीला अर्धी वाटी, जाडसर, आणि तो कढईत नाही, भिजलेल्या साबुदाण्यातच आधी कालवायचा, मीठ-साखरेसकट. कूट दाण्यांवरचा ओलावा घेतो आणि दोन दाण्यांच्या मधे भिंत उभी करतो. बारीक दळलात तर भिंत नाही, चिखल. दोन-तीन चमचे तूप, जिरं, मिरची, बटाट्याच्या पातळ काचऱ्या. बटाटा पूर्ण शिजल्यावरच साबुदाणा. मध्यम आच, उलथन्याने खालून वर, सात-आठ मिनिटं. दाणे पारदर्शक व्हायला लागले की झाकण फक्त एक-दोन मिनिटं, आणि गॅस बंद. 'अजून जरा वाफ येऊ दे' या वाक्याने जितक्या खिचड्या मेल्या तितक्या पाण्याने मेल्या नसतील. लिंबू शेवटी.

गार झालेली खिचडी खड्यांसारखी होते, कारण शिजलेला स्टार्च थंड होताना पुन्हा आवळून बसतो. दुधाचा हबका देऊन झाकून गरम केली की सुटते. सराफ्यातली, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातली, आणि राजवाड्याजवळची खिचडी मध्यरात्रीही मऊ असते त्याचं रहस्य एवढंच की ती गार होऊच दिलेली नसते. पण तिला तुपाचा वास नाही, खालची खरपूस खरवड नाही, हे मी काकांना सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही.

कारण तोवर दुसरं प्रकरण उभं राहिलं होतं. मी रिकामा दोना टाकायला गेलो. डबे दोन, ओला आणि सुका. 2017 साली स्वच्छतेत पहिला नंबर आल्यापासून या शहरात प्रत्येक माणूस हंगामी निरीक्षक आहे. दोना कागदाचा, म्हणून मी सुक्यात टाकणार, तेवढ्यात मागून हेल्मेट: "चार दाणे शिल्लक आहेत त्यात."

मी ते चार दाणे खाल्ले. उभ्याने, सगळ्यांच्या देखत, बोटाने. मग दोना सुक्यात टाकला.

"तर्जनीनेच खाल्ले," काका ठेलेवाल्याला म्हणाले. त्यांनी काच खाली केली, मोपेडला किक मारली आणि रामबागेच्या दिशेने निघून गेले. ते चार दाणे मी का खाल्ले, ते मला अजून समजलेलं नाही.

पुढच्या एकादशीला मी तयारीने उतरलो. रात्रीच दोन वाट्या साबुदाणा तीन पाण्यांनी धुतला, निथळला, पातेल्यात घेतला. दीड वाटी पाणी डोळ्यांच्या रेषेत धरून मोजून ओतलं. झाकण ठेवलं. झोपलो. सकाळी आई ओट्याशी उभी होती.

"एवढंसं पाणी?" ती म्हणाली. "मी बोट घालून बघितलं रात्री. पेरभर करून ठेवलंय."

संध्याकाळी वडे केले. बटाटे पाच घालावे लागले.