हेडफोन ॲम्प आणि कानांची साक्ष : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्देसूद आहे. खाली चार ओळी खरडून ती निकालात काढणं बरोबर नाही, म्हणून हे वेगळं लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘बहुतेकांना वेगळा हेडफोन ॲम्प (हेडफोनकडे जाणारा सिग्नल वाढवणारं उपकरण) लागत नाही’ असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं : ३०० ओहमचा (म्हणजे विजेला तेवढा अडथळा करणारा) सेनहायझर एचडी ६५० हेडफोन फोनच्या डोंगलवर (हेडफोन जोडायच्या छोट्या ॲडॉप्टरवर) ‘पुरेसा मोठा वाजतो, पण त्यात जीव नसतो’. डोंगलला त्याला लागणारा करंट पुरवताच येत नाही. ॲम्प जोडल्याबरोबर बेस घट्ट झाला, वाद्यं सुटी झाली, स्टेज (वाद्यं समोर पसरल्याचा भास) रुंदावला. आकडेमोड करून संगीत ऐकता येत नाही, आणि कान खोटं बोलत नाहीत. शेवटी एक टोला : प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याचा) हेडफोन घ्यायचा विचार आहे, त्यालाही ॲम्प नको म्हणणार का?

करंटपासून सुरुवात करू, कारण तिथे गणित उलटं झालंय. ओहम जास्त म्हणजे करंट कमी. ३०० ओहमच्या हेडफोनला १ व्होल्ट दिला की त्यातून जेमतेम ३.३ मिलिॲम्पिअर वाहतात. तोच व्होल्ट ३२ ओहमच्या साध्या हेडफोनला दिला तर ३१ मिलिॲम्पिअर. म्हणजे करंटच्या दृष्टीने तुमचा एचडी ६५० हे डोंगलसाठी अगदीच हलकं काम. त्याला हवं असतं ते व्होल्टेज. कंपनीच्या स्वतःच्या आकड्यानुसार तो १ व्होल्टला १०३ डेसिबल आवाज देतो. ॲपलचा यूएसबी-सी डोंगल साधारण १ व्होल्ट काढतो. रेकॉर्डिंगमधली सगळ्यात जोरकस थाप आणि सरासरी आवाज यांच्यात २० डेसिबलचं अंतर धरलं (बऱ्याच गाण्यांत ते याहून कमीच असतं), तरी सरासरी ८३ डेसिबलवर ऐकता येतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबलची मर्यादा सांगते. तेव्हा ८३ म्हणजे काही कुजबुज नव्हे.

आता तुमच्या बाजूने. याच डोंगलची युरोपात विकली जाणारी आवृत्ती जवळपास अर्धंच व्होल्टेज देते, म्हणजे ६ डेसिबल कमी. काही अँड्रॉइड फोनवर मूळ डोंगलसुद्धा पूर्ण व्हॉल्यूमला पोचत नाही. त्यात सिंफनी ऑर्केस्ट्रासारखं, सरासरी फार हळू ठेवलेलं रेकॉर्डिंग असेल तर व्हॉल्यूम शेवटच्या टोकाला नेऊनही कमी पडेल. असं होत असेल तर ॲम्प घ्यावाच, त्यात वाद नाही. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की आवाज पुरेसा मोठा होता.

मग उरतो तो ‘जीव’. ही समजूत फार पसरलेली आहे : आवाज पुरला तरी हेडफोन ‘पूर्ण चालत’ नाही, त्यासाठी मागे ताकदीचा साठा लागतो. आता हेडफोनच्या वायरीतून पोचतं काय ते बघा. वेळेनुसार बदलणारं एक व्होल्टेज, बस. त्या व्होल्टेजचा माथा कापला गेला नाही, त्यात ऐकू येण्याइतका गोंगाट किंवा विकृती मिसळली नाही आणि सगळ्या फ्रीक्वेन्सी सारख्या प्रमाणात पोचल्या, तर पलीकडे १ व्होल्टचा डोंगल आहे की १० व्होल्टचा ॲम्प, हे हेडफोनच्या पडद्याला कळायला मार्ग नाही. न वापरलेली ताकद ॲम्पमध्येच पडून राहते. माथा कापला जाणं, म्हणजे क्लिपिंग, मात्र खरं असतं. ते मोजता येतं, आणि जास्त झालं की सरळ फाटका आवाज येतो. त्याला कुणी ‘जीव कमी आहे’ म्हणत नाही.

घट्ट बेसबद्दल तुम्ही डॅम्पिंग फॅक्टरचा, म्हणजे पडद्याला आवरून धरण्याच्या ॲम्पच्या क्षमतेचा, दाखला दिलात. कल्पना बरोबर आहे : ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स (त्याचा स्वतःचा, ओहममध्ये मोजला जाणारा अडथळा) जितका कमी, तितकी पडद्याच्या मोकाट हालचालीवर विजेची पकड जास्त. पण या पकडीच्या आड येणारी सगळ्यात मोठी गोष्ट ॲम्पमध्ये नसून हेडफोनच्याच आत आहे. व्हॉइस कॉइलचा (पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा) स्वतःचा रोध त्याच वर्तुळात बसलेला असतो, आणि तुमच्या हेडफोनमध्ये तो ३०० ओहमच्या आसपास आहे. डोंगलचा १ ओहम धरला तर एकूण ३०१. जगातला सर्वोत्तम ॲम्प आणला तर ३००. एवढ्या फरकाने बेस घट्ट होत नाही.

आउटपुट इम्पीडन्सचा विषय निघालाच आहे, तर इथे जरा रेंगाळतो. ॲम्प बदलल्यावर आवाज खरोखर बदलतो तो बहुतेक वेळा याच कारणाने, आणि तुमच्या अनुभवाचं उत्तर इथे असण्याची शक्यता आहे.

हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या फ्रीक्वेन्सीला सारखा नसतो. एचडी ६५० नावाला ३०० ओहमचा, पण ८० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात तो ५०० ओहमच्या आसपास चढतो. ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स १ ओहम असेल तर या चढाने काहीच बिघडत नाही, फरक डेसिबलच्या शंभराव्या हिश्श्यात राहतो. पण तो १२० ओहम असेल तर मधल्या पट्टीत व्होल्टेज २.९ डेसिबलने पडतं आणि बेसमध्ये फक्त १.९ डेसिबलने. म्हणजे बेस बाकीच्यांपेक्षा १ डेसिबल वर. हा फरक ऐकू येतो आणि कानाला गोडही लागतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स बऱ्याचदा असाच दणदणीत असतो. एचडी ६५० आणि व्हॉल्व्ह ॲम्प या जोडीचं जे कौतुक होतं, त्यातला मोठा वाटा या १ डेसिबलचा आहे असं माझं मत आहे. गंमत अशी की ‘डॅम्पिंग’च्या भाषेत हा सगळ्यात वाईट ॲम्प ठरतो.

१२० हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. १९९६ च्या आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकात हेडफोनसाठी १२० ओहमचा सोर्स धरलेला होता. जुन्या स्टिरिओ रिसीव्हरमध्ये तर स्पीकरच्या ॲम्पलाच काहीशे ओहमचा रेझिस्टर लावून हेडफोनचं भोक काढून द्यायचे. त्या काळच्या ३०० किंवा ६०० ओहमच्या हेडफोनना ते चालूनही जायचं.

खरी पंचाईत होते ती आजच्या इअरफोनची. बॅलन्स्ड आर्मेचर या प्रकारचे अनेक चिमुकले ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) कोंबलेल्या इअरफोनचा इम्पीडन्स एका फ्रीक्वेन्सीला ८ ओहम तर दुसरीला ४० ओहम असू शकतो. तो १० ओहम आउटपुटच्या ॲम्पला लावा. ८ ओहमच्या जागी ७ डेसिबलची घट, ४० ओहमच्या जागी जेमतेम २ डेसिबलची. एकाच इअरफोनमध्ये ५ डेसिबलचा उतार-चढाव! तो इअरफोन ज्याने ट्यून केला त्याला स्वतःचा आवाज ओळखू येणार नाही. म्हणून आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा, असा ठोकताळा वापरतात. तो लोकांच्या तोंडी बसवला एनडब्ल्यूअॅव्हगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने. त्याने २०११ मध्ये ओ-टू नावाच्या ॲम्पचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला आणि पुढच्या वर्षी तो लिहायचा थांबला. त्याच्या भाषेचा तिखटपणा मला कधी झेपला नाही, पण हा हिशोब त्याने पक्का केला.

तेव्हा माझी विनंती : तुमच्या ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स किती ते पाहा. तो १००च्या घरात असेल, तर तुम्ही ऐकलेला बेसचा फरक खरा आहे. पण ती सुधारणा नव्हे, ते इक्वलायझरचं (बेस वगैरे कमी-जास्त करायच्या सोयीचं) काम आहे, आणि इक्वलायझर फोनमध्ये फुकट असतो.

तो १ ओहमच्या आसपास असेल तर मात्र कानांच्या साक्षीकडे वळावं लागेल.

कान खोटं बोलत नाहीत, हे मला मान्य आहे. पण त्यांना विचारलेला प्रश्न नेहमीच सरळ असतो असं नाही. तुम्ही लिहिलंय, ‘आवाज कानाने जुळवून घेतला होता’. कानाने जुळवताना अर्धा-एक डेसिबल इकडे-तिकडे सहज होतो, आणि एवढ्याशा वाढीला आपण ‘मोठा’ म्हणत नाही, ‘चांगला’ म्हणतो. वाद्यं सुटी वाटतात, बेस भरीव वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं की आवाजाची पातळी बदलली की कानाची बेसबद्दलची संवेदनाही बदलते : हळू आवाजात बेस जास्त दबतो, वाढवला की वर येतो. त्यात ॲम्पमध्ये गेन असतो, म्हणजे तो सिग्नल वाढवून देतो. व्हॉल्यूमचं बटण नुसतं थोडं फिरवलं की आवाज मुसंडी मारतो, आणि ‘ताकद’ जाणवते ती तिथेच. शिवाय हेडफोन काढून परत घातला की तो कानावर किंचित वेगळा बसतो, आणि वरच्या फ्रीक्वेन्सीत त्याने पडणारा फरक दोन चांगल्या ॲम्पमधल्या फरकापेक्षा किती तरी मोठा असतो.

‘आकडे विरुद्ध कान’ ही लढाई मला पटत नाही, कारण ती प्रत्यक्षात लढून झालेली आहे. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर या ॲम्प बनवणाऱ्या अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या मंडळींना आव्हान दिलं : तुम्ही निवडाल त्या महागड्या ॲम्पसारखाच आवाज माझा साधा ट्रान्झिस्टर ॲम्प देईल. दोन्ही ॲम्पचे सिग्नल एकमेकांतून वजा करायचे आणि उरलेला फरक कमी कमी करत न्यायचा, ही त्यांची पद्धत. मासिकवाले स्वतः ऐकून फरक दाखवत राहिले, कार्व्हर तो मिटवत राहिले. शेवटी त्या मंडळींना दोन्ही वेगळे ओळखता येईनात. लक्षात घ्या, हे आकडेवाले नव्हते, कानांवर विश्वास ठेवणारे होते. आणि त्यांच्या कानांनी आकड्यांना दुजोरा दिला.

तुम्हाला घरी करता येण्यासारखी परीक्षा अशी. फोनवर ३०० हर्ट्झचा सलग सूर लावा. स्प्लिटर वापरून, हेडफोन जोडलेला असताना, मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा : आधी डोंगलवर, मग ॲम्पवर. मीटर स्वस्तातला असला तरी हरकत नाही. दोन्ही वेळी तो सारखाच चुकेल आणि आपल्याला फक्त तुलना हवी आहे. एकीकडे ५०० मिलिव्होल्ट असतील तर दुसरीकडे ४९४ ते ५०६ च्या आत आणा, म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आत येतो. मग कुणाला तरी तुमच्या पाठीमागे जोडण्या बदलायला सांगा, नाणं उडवून. दर वेळी वायर काढल्या-घातल्याचा सारखाच खुडबुड आवाज व्हायला हवा, नाहीतर कान त्यावरूनच ओळखतात. दहा फेऱ्या. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १ टक्क्याच्या आसपास असते. तुम्ही नऊ ओळखलेत तर तुमचा निकाल मी तुमच्याच शब्दांत इथे वर छापेन. आठ आले तर अजून एकदा करून पाहा. तेवढे अंदाजानेही ५ टक्क्यांच्या वर वेळा जमतात.

स्टेजबद्दल थोडंच लिहितो. डावं-उजवं एकमेकांत मिसळलं की स्टेज आकसतो हे खरं, आणि सामायिक ग्राउंडमुळे (दोन्ही बाजूंची परतीची तार एकच असल्यामुळे) ३.५ मिलिमीटरच्या जॅकमध्ये थोडी मिसळ होतेच. ती साधारण ५० डेसिबल किंवा त्याहूनही खाली असते. ग्रामोफोनच्या काट्याला २५ ते ३० डेसिबलच्या वर वेगळेपणा राखणं जड जातं, आणि रेकॉर्डच्या स्टेजचे पोवाडे आपण सगळेच गातो.

एक गोष्ट माझ्या मूळ लेखात होती, तुमच्या प्रतिक्रियेत नाही, पण ती तुमच्या मुद्द्याला बळ देते : गोंगाट. लॅपटॉपच्या जॅकमधून माउस हलवताना येणारी किरकिर, शांत जागी ऐकू येणारा ‘सूंऽऽ’. अशा वेळी वेगळं उपकरण घेतलं की फरक पहिल्या सेकंदाला कळतो, त्याला ब्लाइंड टेस्ट (वर सांगितली तशी, न बघता ओळखायची परीक्षा) लागत नाही. फक्त ते यूएसबीवर चालणारं हवं. त्याच जॅकला ॲम्प लावला तर किरकिरच मोठी होऊन येते.

राहता राहिला प्लॅनर. त्याला ॲम्प नको म्हणणार का, या प्रश्नाचं उत्तर : कोणता प्लॅनर? हायफायमॅनचा एचई-६ घ्या. ५० ओहम, आणि १ मिलिवॅटला अवघे ८३.५ डेसिबल. त्यातून ११० डेसिबलची शिखरं काढायची तर ४५० मिलिवॅटच्या जवळपास, म्हणजे ४.७ व्होल्ट आणि ९० हून जास्त मिलिॲम्पिअर लागतात. डोंगलचं ते काम नव्हे. इथे तुमचा करंटचा मुद्दा शंभर टक्के लागू पडतो. त्याच कंपनीचा सुंदारा मात्र ३७ ओहमचा आणि ९४ डेसिबलचा. तेवढ्याच शिखरांना त्याला ४० मिलिवॅट पुरतात, म्हणजे १.२ व्होल्ट. सरासरी आवाज माफक ठेवलात तर १ व्होल्टच्या डोंगलवरही निभेल, आणि जोरात ऐकायचं असेल तर तुमच्याकडचा ॲम्प आहेच. खोक्यावरचे ओहम आणि डेसिबल कळवा, बाकीचा हिशोब मी करून देतो. फक्त डेसिबल ‘प्रति मिलिवॅट’ आहेत की ‘प्रति व्होल्ट’, ते नीट बघून लिहा. ३७ ओहमला त्या दोन आकड्यांत १४ डेसिबलचं अंतर पडतं.