गळ्याआधी शेपटी बघा

पक्षी ओळखण्याबद्दलचा तुमचा लेख आवडला, पण लाल छातीचा माशीमार या हिवाळी पाहुण्या पक्ष्याबद्दल 'केशरी गळा दिसला की ओळखा' एवढंच लिहिलंय ते अपुरं वाटलं. केशरी गळा फक्त मोठ्या नराला असतो, मादी आणि पहिल्या वर्षाचे नर वरून साधे तपकिरी, खालून मळकट पांढरे, त्यामुळे नवीन लोक हमखास गोंधळतात. त्यापेक्षा शेपटी बघा ना, काळपट शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे असतात आणि हा पठ्ठ्या ती सारखी वर उडवतो, तेव्हा ते लख्ख दिसतात. आणि आवाज! कोरडा टर्रर्र, एकदा कानात बसला की पक्षी दिसायच्या आधीच कळतं कुठल्या झाडावर आहे. मी दर हिवाळ्यात पहिल्यांदा त्याला ऐकतोच, बघतो नंतर.

तैगा माशीमार हा याचाच जवळपास तसाच दिसणारा भाऊबंद, त्याला वेगळं ओळखणं मात्र खरंच अवघड, त्याची चोच पूर्ण काळी आणि शेपटीच्या मुळावरची पिसं शेपटीपेक्षाही काळीकुट्ट, तर आपल्या लाल छातीवाल्याच्या खालच्या चोचीचं मूळ फिकट असतं. म्हणून फोटो काढताना चोच आणि पाठीमागची बाजू नक्की घ्या. आपला लाल छातीवाला म्हणजे चिमणीपेक्षा लहान जीव, पार पूर्व युरोप-रशियाकडून उडत येतो आणि आपल्या आंब्याच्या झाडावर बसतो, मला दरवर्षी भरून येतं.