हवेतला ऑक्सिजन फुकट आहे, खाटेपर्यंतचा नाही

करोनाच्या दुसऱ्या लाटेचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: हवेत २१ टक्के ऑक्सिजन फुकट पडलेला आहे. नंदुरबारने सुमारे ८५ लाखांचा एकेक प्लांट बसवून तो काढून दाखवला. हेच तालुक्या-तालुक्यात केलं असतं तर महाराष्ट्रात ऑक्सिजनअभावी एकही माणूस दगावला नसता. टँकर, रेल्वे, भल्यामोठ्या टाक्या हा देखावा होता, आणि कारखान्यांकडे तर ऑक्सिजन पडूनच होता.

यातलं नंदुरबारचं कौतुक खरं आहे. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिल्या लाटेतच, सप्टेंबर २०२० मध्ये, तिथे पहिला प्लांट उभा केला. तेव्हा तशी घाई फारशी कुणाला वाटत नव्हती. बाकीचे मुद्दे मात्र एकेक करून तपासावे लागतात.

‘हवेतून ऑक्सिजन काढणं सोपं आहे’

तत्त्व सोपं आहे. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ड्रायर तिच्यातलं पाणी काढतो, फिल्टर तेल आणि धूळ अडवतात. मग ती हवा झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या दाण्यांनी भरलेल्या टाकीत जाते. दाबाखाली झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं आणि ऑक्सिजन पुढे जातो. एक टाकी हे काम करत असताना दुसरीचा दाब सोडून तिच्यातला नायट्रोजन बाहेर टाकला जातो. मग दोघींची अदलाबदल. हाच पीएसए (प्रेशर स्विंग ॲडसॉर्प्शन) प्लांट. यातून ९३ टक्क्यांच्या आसपास शुद्धतेचा ऑक्सिजन मिळतो. शंभर टक्के मिळत नाही, कारण हवेतला आर्गॉन त्याच्यासोबतच निघून येतो. रुग्णासाठी ९३ टक्के चालतो, त्यावरून घाबरवणारे मजकूरही चुकीचेच.

अडचण दाण्यांची आहे. ड्रायर नीट चालला नाही किंवा कॉम्प्रेसरचं तेल पुढे गेलं की झिओलाइट ओलावा आणि तेल धरून बसतं, नायट्रोजनला जागा उरत नाही आणि शुद्धता घसरते. हे झिओलाइट २०२१ च्या मे महिन्यात परदेशातून विमानाने आणावं लागत होतं. साखर कारखान्यांच्या इथेनॉल विभागात अशाच दाण्यांनी भरलेल्या टाक्या असतात हे ऐकून अनेकांना वाटलं, काम झालं. पण इथेनॉलमधलं पाणी शोषणारे दाणे नायट्रोजन धरत नाहीत. ते काढून वेगळे भरावे लागतात. धाराशिव साखर कारखान्याने चोराखळीत त्या मे महिन्यात ऑक्सिजन काढला तो यंत्रणेत बदल करूनच.

आणि वीज? मोटर थ्री-फेज, भार मोठा. वीज गेली की पुढे फक्त बफर टाकी, म्हणजे तयार ऑक्सिजन थोडा साठवणारी टाकी. एक हजार लिटरच्या टाकीत दाब ५ बारवरून (बार हे दाबाचं एकक) ४ बारवर येईपर्यंत साधारण एक हजार लिटर वायू मिळतो. मिनिटाला ५०० लिटर खर्च असेल तर ही दोन मिनिटं झाली. जनरेटर आपोआप चालू होणारा नसेल, तर तेवढ्यात ऑपरेटर जिनाही उतरत नाही.

‘तालुक्याला एक प्लांट पुरला असता’

इथे कागद-पेन्सिल घ्यावीच लागते. मिनिटाला ५०० लिटरचा प्लांट अखंड चालला तर दिवसाला ७२० घनमीटर ऑक्सिजन देतो. जम्बो सिलिंडरमध्ये ७ घनमीटर मावतो, म्हणजे १०३ सिलिंडर. वजनात सुमारे एक टन. महाराष्ट्रात तालुके ३५८. सगळीकडे असा प्लांट बसून एकही बंद पडला नसता, तरी दिवसाला साडेतीनशे टनांच्या आसपास हिशेब जातो. एप्रिल २०२१ अखेर राज्याची रोजची गरज दीड हजार टनांच्या पुढे गेली होती.

रुग्णांच्या हिशेबानेही बघू. नाकातल्या नळीवरच्या रुग्णाला मिनिटाला २ ते ५ लिटर लागतात. पिशवीच्या मास्कवर १० ते १५. नाकातून जोरदार प्रवाह देणाऱ्या हाय-फ्लो नेझल यंत्राचा प्रवाह ६० लिटर असेल आणि ऑक्सिजनचं प्रमाण ६० टक्के ठेवलं तर लाइनमधून ३० लिटर खेचले जातात. शंभर टक्के ठेवलं तर पूर्ण ६०. म्हणजे ५ लिटरवाले शंभर रुग्ण सांभाळणारा प्लांट आठ हाय-फ्लो यंत्रांत संपतो. ग्रामीण रुग्णालयाच्या तीस खाटांवर सौम्य-मध्यम रुग्ण असतील तर पीएसए उत्तम. अतिदक्षता विभागाला एकटा पुरत नाही.

प्लांटवर क्षमतेपेक्षा जास्त भार आला की तो बंद पडत नाही, अलार्म बसवलेला नसेल तर कुणाला कळतही नाही. हवा दाण्यांमधून घाईने जाते, नायट्रोजन सुटून पुढे येतो आणि शुद्धता उतरत जाते. फ्लोमीटरचा गोळा जागेवर असतो, रुग्णाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, मात्र खाली येतं. मग नर्स प्रवाह वाढवते, भार आणखी वाढतो.

उरलेला ऑक्सिजन सिलिंडरमध्ये भरून ठेवू, असंही म्हणतात. प्लांटचा दाब ४ ते ६ बार, सिलिंडरला लागतो सुमारे १५०. त्यासाठी बूस्टर कॉम्प्रेसर वेगळा घ्यावा लागतो आणि बऱ्याच ठिकाणी तो निविदेतच नसतो.

‘टाक्या, टँकर, रेल्वे हा देखावा’

द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर उकळतो आणि त्याच्या एका लिटरचा सुमारे ८६० लिटर वायू होतो. १३ हजार लिटरच्या टाकीत त्यामुळे दीड हजारांहून अधिक जम्बो सिलिंडर बसतात. तेवढा ऑक्सिजन तयार करायला वरच्या ५०० लिटरवाल्या प्लांटला पंधरा दिवस लागतील. शिवाय टाकीला मोटर नाही. व्हेपरायझरच्या पंखांसारख्या पट्ट्या असलेल्या नळ्या बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन द्रवाचा वायू करतात. वीज गेली तरी लाइन चालू राहते.

मुंबईत १६-१७ एप्रिल २०२१ च्या रात्री सहा रुग्णालयांत साठा संपत आला तेव्हा महापालिकेने १६८ रुग्ण हलवले आणि त्या हलवाहलवीत कुणी दगावलं नाही. मोठे साठे असलेली जम्बो केंद्रं (करोनासाठीची मोठी तात्पुरती रुग्णालयं) आधीच उभी होती म्हणून रुग्णांना न्यायला जागा होती.

टँकर लागतात कारण द्रव ऑक्सिजन करणारे कारखाने मोजक्या ठिकाणी आहेत: तळोजा, डोलवी, चाकण वगैरे. राज्याचं उत्पादन तेव्हा रोज बाराशे टनांच्या आसपास होतं, गरज त्याहून जास्त. उरलेला बाहेरून आणायचा. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला गेले. घाटातले बोगदे आणि वरच्या तारांच्या उंचीमुळे गाडी वसई-सुरत-भुसावळ-नागपूर अशी वळवावी लागली. भरलेले टँकर २३ तारखेला नागपुरात आणि २४ तारखेला नाशकात उतरले. विमानाने का नाही आणले? रिकामे नेले, भरलेले नेणं धोक्याचं.

‘कारखान्यांकडे पडून होता’

राज्याने ३० मार्च २०२१ लाच उत्पादनाचा ८० टक्के हिस्सा वैद्यकीय वापरासाठी राखून ठेवला होता. पोलाद कारखान्यातला बराचसा ऑक्सिजन वायुरूपात पाइपने थेट भट्टीत जातो. द्रव करण्याची क्षमता त्यामानाने थोडी. पाइपमधला वायू टँकरमध्ये ओतता येत नाही.

‘ऑक्सिजन असता तर माणसं वाचली असती’

हा मुद्दा सर्वांत पटणारा, आणि म्हणूनच सर्वांत फसवा. नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी ऑक्सिजन होता. टँकरमधून टाकी भरताना गळती झाली, लाइनचा दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये ११ मे रोजी पहाटे दोन ते सहा या चार तासांत २६ मृत्यू झाल्याचं आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं. पुरवठा कमी होता हे खरं. पण सरकारने उच्च न्यायालयात आणखी एक गोष्ट मांडली. सिलिंडरच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने ओढून आणायच्या, वळवायच्या, मॅनिफोल्डला (अनेक सिलिंडर एका लाइनला जोडणाऱ्या सांगाड्याला) जोडायच्या, आणि या अदलाबदलीत दाब पडतो. त्याच महिन्यात तिथे २० हजार लिटरची टाकी बसली.

रुग्णालयाच्या लाइनमध्ये साधारण ४ बार दाब लागतो. ३ च्या खाली गेला की व्हेंटिलेटर ओरडू लागतात. नळीवरचा रुग्ण थोडा वेळ तग धरतो, व्हेंटिलेटरवरचा नाही. म्हणून मॅनिफोल्डला डावी-उजवी अशा दोन रांगा हव्यात, एक रिकामी होताच दुसरीवर आपोआप जाणाऱ्या. टाकी भरताना राखीव रांग आधीच उघडलेली हवी. प्रत्येक वॉर्डाचा व्हॉल्व्ह कुठे आहे हे रात्रपाळीच्या माणसाला अंधारातही सापडलं पाहिजे.

‘नंदुरबारला प्लांटने तारलं’

निम्मं उत्तर. मृत्यू तिथेही झालेच. पण नंदुरबारने वॉर्डात ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या, ज्यांचं काम प्रत्येक रुग्णाचा प्रवाह पाहून तो जुळवणं हे होतं. सॅच्युरेशन ९२ ते ९६ टक्क्यांत राहिलं की पुरे. १५ लिटरवर ९९ टक्के दिसत असेल तर ती उधळपट्टी आहे. जेवताना मास्क बाजूला आणि फ्लोमीटर चालू, हे दृश्य प्रत्येक वॉर्डात होतं. पन्नास खाटांवर सरासरी ३ लिटर वाया गेले तर मिनिटाला १५० लिटर, दिवसाला ३१ जम्बो सिलिंडर. तीस टक्के प्लांट असा वाचतो, एक पैसाही खर्च न करता. फिरणाऱ्या मजकुरात या नर्सचा उल्लेख नसतो. यंत्राचा फोटो निघतो, नळ कमी केल्याचा कोण काढणार.

आता बहुतेक जिल्ह्यांत प्लांट आहेत. २७ डिसेंबर २०२२ च्या, रुग्णालयांची करोना-तयारी तपासणाऱ्या देशभरच्या सरावात ते चालवूनही पाहिले गेले. मात्र भार न टाकता चालवलेला प्लांट ९४ टक्के शुद्धता दाखवतोच. बंद ठेवल्याने ओलावलेले दाणेही तेवढ्यापुरते निभावून नेतात. वॉर्डातले आउटलेट उघडून प्रवाह पूर्ण क्षमतेवर न्यायचा, अर्धा तास तसाच ठेवायचा, मग शेवटच्या खाटेपाशी शुद्धता आणि दाब मोजायचा, आणि त्यातच एकदा मेन स्विच पाडून जनरेटर किती सेकंदांत भार घेतो ते पाहायचं. पुढच्या सरावाच्या नोंदवहीत हे तीन आकडे असावेत.