ओवी कुठली धरावी, कुठली सोडावी

ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसणाऱ्यांनी मंडपात शिरण्याआधीच एक ठरवून टाकावं: कुठली ओवी शब्दशः धरायची आणि कुठली 'भावार्थ' म्हणून सोडायची. अवघड काही नाही. दुसऱ्याला बांधते ती शब्दशः, आपल्याला बांधते ती भावार्थ.

पैठणला रेडा वेद बोलला, हे शब्दशः. कुणापुढे आणि का बोलावा लागला, असं कुणी विचारलंच तर त्याला नास्तिक म्हणून मोकळं व्हावं.

'भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें' हा भावार्थ. बांधावरून सख्ख्या भावाशी कोर्टात तारीख आहे ना. उतारा मात्र शब्दशः वाचावा, गुंठ्यासकट.

कन्नड शेजाऱ्यांकडे पाहून नाउमेद होऊ नये. स्थावराला, म्हणजे बांधलेल्या देवळाला, नाश आहे, जंगमाला, म्हणजे चालत्या-बोलत्याला, नाही, असं बसवण्णांनी सांगितलं. तिकडेही ते भावार्थानं घेऊन देवळाच्या स्लॅबची वर्गणी जोरात गोळा होते. सीमाप्रश्न लोंबकळतोय, पण इथं एकमत आहे.

टिळकांनी होमरूल लीग १९१६ साली आपल्या बेळगावातच काढली, गांधीजी १९२४ च्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून इथंच आले. एकानं गीतेत कर्मयोग पाहिला, दुसऱ्यानं कुरुक्षेत्र माणसाच्या मनात पाहिलं. अर्थ वेगळे, पण दोघांनीही आपापला अर्थ तुरुंगापर्यंत निभावला. आपण भाषणात दोघांचे फोटो लावावेत, तेवढं पुरे.

आता वीणा. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही, हे शब्दशः. परवा रात्री दोनच्या पहाऱ्याला विणेकरी उभ्या उभ्या पेंगत होता, बदलीची पोरं मोबाइलात डोकं घालून बसलेली. आमच्या वहिनी पुढं झाल्या. त्यांना हरिपाठ तोंडपाठ. पंचांतले एक काका ताडकन उठले, "बायकांनी वीणा घ्यायची नसतीय ओ वैनी, शास्त्रात हाय." कुठल्या शास्त्रात? कितव्या अध्यायात? त्याच दिवशी सकाळी नववा अध्याय झाला होता! स्त्रिया, वैश्य, शूद्रही परमगतीला जातात, असं तिथं देव स्वतः सांगतो. ओहोळ गंगेला मिळेपर्यंतच ओहोळ, असं माउली त्यावर म्हणतात. काका म्हणाले, "ते भावार्थानं घ्यायचं असतंय." आणि मंडपाचा महाप्रसाद रांधायला पहाटेपासून चुलीपुढं कोण होतं? तिथं नाही आडवं आलं शास्त्र!

शंभर श्रुतींनी अग्नी थंड आहे म्हटलं तरी ते प्रमाण होत नाही, असं शंकराचार्यांनी गीताभाष्यात लिहिलंय. काका, तुमच्या 'शास्त्रात हाय'ला एकही श्रुती लागत नाही. मुक्ताईचे, जनाबाईचे अभंग टाळ कुटत गाता आणि घरच्या बाईच्या हाती वीणा देताना तुमचा हात आखडतो. लाज वाटू द्या थोडी. द्यायची नाही तर 'आम्हाला द्यायची नाही' असं सरळ तोंडावर सांगा. पोथीच्या आड कशाला लपता?