पुलाखाली उतरायला काय माझा आजा येणार?

आज सकाळी पुन्हा तेच. पुलाच्या मधोमध, तिसऱ्या जॉइंटवर, स्कूटरचं पुढचं चाक धाडकन आदळलं आणि हुकला लावलेला डबा रस्त्यावर. मागून ट्रेलर. डबा चपटा, चपाती-भाजी डांबराला, आणि ट्रेलरवाल्याने आईवरून घातलेली शिवी वर फुकट. त्याला तरी काय बोलू? तोही त्याच जॉइंटवर आदळून आलेला.

चौदा वर्षं रोज दोनदा हा पूल ओलांडतोय. मुंबई-गोवा हायवेवरचा आहे, नदीवरचा आहे, एवढं पुरे. नाव घेतलं की दोन खाती उठतील सांगायला, हा आमचा नाही म्हणून. शेजारी नवा पूल झाला, जुन्यावरून आता एका बाजूची वाहतूक सोडलीय. नव्याचा मालक आहे. जुन्याचं म्हणे 'हस्तांतरण प्रक्रियेत आहे'. म्हणजे या खात्याने दिला नाही आणि त्या खात्याने घेतला नाही. त्यावरून जाणारे आम्ही मात्र कुठल्या प्रक्रियेत नाही, आम्ही सरळ वरून जातो.

तर तो जॉइंट. दोन गाळ्यांच्या (गाळा म्हणजे खांब ते खांब पुलाचा तुकडा) मध्ये मुद्दाम सोडलेली फट असते ती, उन्हाने काँक्रीट वाढतं, थंडीत आकसतं म्हणून. त्यात रबर असायला हवं. आमच्या पुलाचं रबर कधी गेलं, कुणाला आठवत नाही. मग त्यात डांबर भरलं. ते पहिल्या पावसात उखडलं. मग खडी. ती उडून एका पोराच्या हेल्मेटची काच फुटली. मग गेल्या गणपतीच्या आधी काय भरलं असेल? पेव्हर ब्लॉक! अंगणात घालतात ते. पुलाची जी फट हलायला ठेवलीय, तिच्यात फरश्या ठोकल्या आणि फोटो काढून गेले. कप्पाळ!

आणि नुसती आमची कंबर मोडते असं नाही. प्रत्येक गाडी तिथे आदळते तेव्हा पुलालाच हातोडा बसतो. त्या फटीतून पाणी खाली उतरतं, खांबाच्या डोक्यावर साचतं, खांब आणि गाळा यांच्या मधलं बेअरिंग गंजतं, आतली सळई गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट ढलप्या काढून पाडते. यासाठी इंजिनियर व्हावं लागत नाही. कोकणात ज्याच्या स्लॅबला गळती लागलीय अशा कुठल्याही घरधन्याला विचारा.

पाणी जायला कडेला पाईप आहेत की! सगळे मातीने, गुटख्याच्या पुड्यांनी आणि निर्माल्याच्या पिशव्यांनी (हे मात्र आपलं कर्तृत्व) बुजलेत. जूनपासून पुलावर घोटाभर पाणी. एक माणूस, एक पहार, एक घमेलं, अर्ध्या दिवसाचं काम. यालाही टेंडर लागतं का? एका रविवारी आम्ही तिघांनी दोन पाईप मोकळे केले तर कुणीतरी गाडी थांबवून विचारलं, परवानगी आहे का?

खड्डे पडले की वर डांबराचा थर. पुढच्या वर्षी त्यावर थर. जुना खरवडायचं नाव नाही. पुलावरचं वजन वाढत चाललंय आणि कठडा बुटका होत चाललाय. मी नोकरीला लागलो तेव्हा तो माझ्या कमरेला लागायचा, आता मांडीला लागतो, आणि माझी उंची काही या वयात वाढलेली नाही. कठडा बुटका म्हणजे काय, हे खेडला जाऊन विचारा. १९ मार्च २०१३ ला पहाटे जगबुडीच्या पुलावरून खासगी बस कठडा तोडून खाली गेली. ३७ माणसं गेली. नंतर चार दिवस सगळ्या पुलांच्या कठड्यांवर चर्चा झाली. पाचव्या दिवशी थांबली.

एप्रिलमध्ये नदी आटली तेव्हा मी खाली उतरलो होतो. खांबाशी एक आजोबा गरी टाकून बसलेले. मी वर बघत होतो, कुठे सळई दिसते का ते. ते म्हणाले, "वर काय बघतोस बाबा, खाली बघ. हा चौथरा आमच्या लहानपणी दिसत नव्हता. वाळूत होता." चौथरा म्हणजे खांबाचा पाया. आता माणसाच्या छातीइतका उघडा. पुराचं पाणी खांबाशी भोवरा करून बूड खणतं, आणि पूर ओसरताना त्याच खड्ड्यात गाळ भरून जातं. त्यामुळे दिवाळीत बघाल तर तो खड्डा झाकपाक. त्यात रात्री सक्शन पंप लावून वाळू उपसणारे आहेतच. त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही, मला याच गावात राहायचंय.

आणि आमची मान्सूनपूर्व पाहणी कशी होते? मी डोळ्यांनी बघितलीय. मे महिना, पांढरी बोलेरो, पुलाच्या तोंडाशी थांबली. दोघं उतरले, कठड्यावरून वाकून पाण्याकडे बघितलं, एकाने फोनवर फोटो काढला, समोरच्या टपरीवर उसाचा रस प्यायले, गेले. खाली कोणी उतरलं नाही. कोणीच उतरत नाही.

२ ऑगस्ट २०१६. महाडला सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल रात्री पुरात गेला. दोन एसट्या आणि त्यांच्याबरोबर इतर गाड्या, माणसांसकट. तिथेही शेजारी नवा पूल उभा होता आणि जुन्यावरून एका दिशेची वाहतूक चालू होती, अगदी आमच्यासारखीच. काळोखात पूल नाही हे जवळच्या एका गॅरेजवाल्याच्या लक्षात आलं आणि त्याने धावत येऊन गाड्या अडवल्या, म्हणून आकडा तिथेच थांबला. यंत्रणा नंतर आली, क्रेनला ३०० किलोचं लोहचुंबक बांधून पाण्यात गाड्या शोधत बसली. आणि दुसऱ्या दिवशी काय कळलं? पुलाची मे महिन्यातच पाहणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता! मे ते ऑगस्ट. दगडांच्या सांध्यांतून झाडं उगवलेली त्या जुन्या पुलांवर कुणीही बघू शकत होतं. झाडाचं मूळ फटीत शिरलं की दगड हलणार, हे शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत असतं.

पुढे तिथे नवा पूल १६५ दिवसांत बांधला. जून २०१७ ला उद्घाटन, हार, भाषणं. म्हणजे मनात आलं तर येतं यांना! पण त्यासाठी आधी माणसं वाहून जावी लागतात. रबर बदललं म्हणून कुणी फीत कापत नाही ना, तिथेच सगळं अडतं.

आणि दर पावसाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज येतोच. इंग्रजांच्या कंपनीचं विलायतेहून पत्र आलं, तुमच्या पुलाला शंभर वर्षं झाली, आता जबाबदारी आमची नाही. मामा पाठवतात, भावजी पाठवतात, सगळे खाली हात जोडतात. अरे, साहेब जाऊन पाऊणशे वर्षं उलटली, तुमच्या पुलाची काळजी अजून त्यानेच करायची का? ज्यांच्याकडे आपण टोल आणि रोड टॅक्स भरतो त्यांचं पत्र कधी आलंय?

१५ जून २०२५ ला पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला.   चौघं गेले. धोकादायक असल्याचा फलक होता म्हणे. महिना उलटायच्या आत गुजरातेत महिसागरवरचा गंभीरा पूल तुटला, वीसहून जास्त माणसं गेली, आणि तुटलेल्या टोकावर अडकलेल्या टँकरचा तो फोटो सगळ्या देशाने बघितला. लगेच आमच्याकडेही आदेश सुटले, सर्व पुलांचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करा. आमच्या पुलाचं काय झालं? फलक लागला! 'पूल जुना आहे. वाहने सावकाश चालवा.' झालं ऑडिट. उद्या काही घडलं तर चूक कुणाची? सावकाश न चालवणाऱ्याची.

तक्रार केली होती मी, नाही असं नाही. फोटो जोडले, चौथऱ्याशेजारी पट्टी धरून काढलेले. आवक नंबर घेतला. अकरा दिवसांनी मोबाइलवर मेसेज: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कशी काढली? ऑफिसात गेलो तर खिडकीतली बाई म्हणाल्या, "दादा, ते वर पाठवलंय." मी म्हटलं, मॅडम, प्रॉब्लेम खाली आहे.

आज संध्याकाळी परत येताना बघितलं, दोन पोरं डबा-ब्रश घेऊन कठडा रंगवत होती. गणपती आलेत ना. काळा पट्टा, पिवळा पट्टा, काळा पट्टा, पिवळा पट्टा. मधे कठड्याच्या फटीतून मनगटाएवढा पिंपळ वर आलाय. त्यालाही पिवळा मारला.