‘एवढीशी जागा मऊ, आणि अख्खी बोट फोडली’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर. तुमची तक्रार अशी, की जुन्या स्की बोटीत (पाण्यावर स्की करणाऱ्याला ओढणाऱ्या बोटीत) ड्रायव्हरच्या सीटजवळ थोडीशी जागा पायाखाली दबत होती. तेवढीच बदलायची सोडून आम्ही पूर्ण फ्लोअर काढलं, काम वाढवलं आणि हंगाम घालवला. हंगाम गेला, राग येणारच. पण काम आम्ही वाढवलं हे मान्य नाही.

त्या काळच्या बहुतेक बोटींत प्लायवुडचं फ्लोअर, त्याखाली लांबीत जाणारे लाकडी स्ट्रिंगर (तळाला ताठ ठेवणाऱ्या आधाराच्या पट्ट्या), दोन्हींवर फायबर आणि पोकळीत ओतलेला फोम असतो. सीट, कार्पेट, पायलन (स्कीची दोरी बांधायचा खांब) यांच्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी झिरपतं आणि फोम ते धरून ठेवतो. वरून मऊ लागेपर्यंत खालचं लाकूड बहुधा गेलेलं असतं.

तुमच्या बोटीत इंजिन माउंटचा बोल्ट पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरत होता. स्ट्रिंगरला भोक पाडलं तर ड्रिलला कोरडा भुसा नाही, काळा लगदा चिकटून आला. फोमचा तुकडा तुम्हीच दाबून पाहिलात. पाणी मनगटापर्यंत ओघळलं. तुमचा होकार आम्ही त्यानंतरच घेतला. इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं, इंजिन त्याच स्ट्रिंगरवर बसतं. ते जरा सरकलं तरी पंखा फिरवणारा शाफ्ट थरथरतो, कारण इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या तोंडांत साधारण 0.003 इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही.

दुसरा कोणी दोन दिवसांत वरून प्लाय मारून द्यायला तयार होता, असं तुम्ही लिहिलंय. असेलही. पण ओल्या लाकडावर रेझिन (फायबर चिकटवणारा द्रव) नीट धरत नाही, आणि कुजलेल्या लाकडाला पातळ इपॉक्सी (एक प्रकारचं रेझिन) पाजलं तर ते टणक लागतं एवढंच, भार पेलत नाही.

वेळ गेला तो बोटीचा तळ सुकवण्यात, आणि स्ट्रिंगर एका वेळी एकच बदलण्यात. तळाला खालून नीट आधार न देता सगळे स्ट्रिंगर एकदम कापले असते तर तळाचा आकारच बिघडला असता, मग बोट सरळ पळत नाही. इथे घाई करणाऱ्याकडे मी तरी माझी बोट देणार नाही.

काढलेले तुकडे ठेवलेत, केव्हाही येऊन बघा. आणि नवीन सीट किंवा स्पीकर बसवताना कृपया थेट स्क्रू मारू नका. भोक मोठं पाडून घट्ट इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातच स्क्रूचं बारीक भोक पाडा. जमत नसेल तर बोट घेऊन या, तेवढं आम्ही करून देऊ.